ताबा मिळाला, पण परदेशी नेण्याचं काय?

घटस्फोटात मुलाचा ताबा आपल्याकडे आला की त्याला घेऊन कुठंही राहायला जाता येतं, असं बरेच आई-वडील धरून चालतात. तसं नाही. परदेशी मुक्काम हलवायचा तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. दुसरा पालक नको म्हणाला की परवानगी अडतेच, ही समजूतही तितकीच चुकीची.

2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आलेलं प्रकरण बघा. पुण्यात नोकरी करणाऱ्या आईला कंपनीनं पोलंडमधल्या क्राकोव्हला दोन वर्षांचं काम देऊ केलं. नऊ वर्षांची मुलगी तिच्याजवळच वाढत होती. मुलगी दुरावेल, शेजारी युक्रेनमध्ये युद्ध पेटलंय, म्हणून वडिलांचा विरोध. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी परवानगी दिली. नोकरी की मूल, अशी निवड करायला आईला भाग पाडता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वडिलांसाठी व्हिडिओ कॉल आणि सुट्टीत भारतात प्रत्यक्ष भेट ठरवून दिली. तिकडे शाळा सुटते तेव्हा पुण्यात दिवेलागण होत आलेली असते; फोनची वेळसुद्धा नीट ठरवावी लागते ती त्यामुळेच.

मग कोर्ट आईच्याच बाजूनं असतं का? पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, असं हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 म्हणतो खरा, पण मुलाचं हित त्याहून वर ठेवतो. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका मुलाचा ताबा केनियातल्या वडिलांना दिला. आधी नैरोबीच्या न्यायालयातून तसाच आदेश, म्हणजे ‘मिरर ऑर्डर’, आणायला लावला. तरी पुढच्याच वर्षी वडिलांनी फसवल्याचं उघड झालं. आदेश मागे घेतला गेला, सीबीआयला कारवाई करायला सांगितलं गेलं. पण मूल तोवर केनियात होतं. अशा वेळी आईच्या हातात काय उरतं, या विचारानं जीव कासावीस होतो.

उलट दिशेचा समजही घातक आहे: मूल भारतात आणलं की परदेशी कोर्टाचा आदेश संपला. असं आणलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही, हे खरं. पण बापानं अमेरिकेतून पुण्याला आणलेलं मूल सर्वोच्च न्यायालयानं 1986 मध्ये आईच्या हवाली केलं होतं. 2017 मध्ये त्याच न्यायालयानं परदेशी आदेश बाजूला ठेवून एका मुलीला भारतात आईजवळ राहू दिलं. परदेशी आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा झाला; निकाल त्या मुलाच्या हितावर ठरतो.

म्हणून अर्जात पगाराच्या आकड्याआधी शाळा कुठली, घरी आल्यावर मुलाजवळ कोण असेल, सुट्टीतल्या भेटीचा प्रवासखर्च कोण करणार, हे स्पष्ट लिहा.