चालत्या यादीतून नाव वगळताना

घरात मंगलकार्य निघाले की आमंत्रणांची यादी हे एक स्वतंत्रच कार्य होऊन बसते. आमचे देगलूर पडले तेलंगण व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या सीमेलगत. त्यामुळे आमचे आप्तेष्ट नांदेड-उदगीरप्रमाणेच बीदर, निजामाबाद व हैदराबाद येथेही विखुरलेले आहेत. तीन पिढ्यांची ही नावे एका जुन्या वहीत घरवार लिहिलेली होती. धाकट्या पुतण्याच्या मुंजीच्या निमित्ताने आमच्या पुतणीने ती संगणकावर उतरविली. ती संगणकशास्त्र शिकत असल्याने हे काम तिने हौसेने अंगावर घेतले.

जे दिवंगत झाले त्यांच्या नावापुढे तिने खूण केली व पायथन भाषेत एक छोटी आज्ञावली लिहिली. यादीतील नावे ओळीने पाहावीत, खूण दिसताच ते नाव तेथल्या तेथे वगळावे आणि मग प्रत्येक घरातील उरलेल्या पहिल्या नावाने पाकीट छापावे, एवढेच तीत होते. काही घरे ताडून पाहिली, ती बिनचूक निघाली. पत्रिका रवाना झाल्या.

चार दिवसांनी उदगीरहून दूरध्वनी आला. तेथील आमचे चुलते निवर्तले आणि वर्षाच्या आत काकूही गेल्या. पत्रिका गेली होती ती काकूंच्या नावाने! त्यांचा मुलगा एवढेच म्हणाला, “दादा, आईच्या नावची पत्रिका आली आहे. ठेवून घेऊ ना?” तो रागावला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

पुतणी रडवेली झाली. खूण तर दोघांच्याही नावापुढे होती. मग काकांचे नाव वगळून काकूंचे राहिले कसे? त्या रात्री आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला.

वाचकांनी पंगतीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वाढपी माणसांचे चेहरे पाहत नाही, तो पाने मोजतो: पहिले, दुसरे, तिसरे. समजा, दुसऱ्या पानावरचा मनुष्य मध्येच उठला आणि पुढचे सर्वजण एकेक पान अलीकडे सरकले. तिसरा मनुष्य आता दुसऱ्या पानावर आला. पण वाढप्याची दोनची गणती झालेली असल्याने तो तिसऱ्या पानाकडे वळतो. सरकून आलेला मनुष्य तसाच राहतो. पायथन यादीवरून फिरते ते असेच, क्रमांक मोजीत. पाच, आठ, आठ, तीन या यादीतून फिरता फिरता आठ काढू गेल्यास पहिला आठ जातो, दुसरा सुटतो. काकांच्या पाठोपाठ काकूंचे नाव होते. काका गेले, काकू त्यांच्या जागी सरकल्या, आणि यंत्र पुढे निघून गेले.

ही चूक ताडणीत का सापडली नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. एकट्या दिवंगताचे नाव काढले तरी पुढचे नाव पाहावयाचे राहतेच. परंतु ते हयात माणसाचे असल्याने काही बिघडलेले दिसत नाही. दोन खुणा लागोपाठ आल्या म्हणजेच दोष उघडा पडतो. शिवाय पायथन अशा वेळी ब्रही काढीत नाही. त्याच भाषेत शब्दकोशासारख्या संग्रहावरून फिरताना नोंद वगळल्यास ती थांबून तक्रार करते. साध्या यादीच्या बाबतीत मात्र मुकाट्याने चुकीचे उत्तर हाती देते. जावा भाषा यादी मध्येच बदललेली दिसताच बहुधा काम थांबविते, परंतु तीही दर वेळी पकडीलच अशी हमी देत नाही. 2015 साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत तर यादीवरून फिरत असताना तिला हात लावणारी आज्ञावली चालू होण्यापूर्वीच नाकारली जाते.

उपाय तीन आहेत. यादीची नक्कल करून फिरावे नकलेवरून आणि वगळावे मूळ यादीतून. किंवा शेवटाकडून आरंभाकडे यावे. म्हणजे सरकतात ती पाहून झालेलीच नावे. तिसरा उपाय सर्वांत सरळ: काढण्याच्या भानगडीत न पडता, ठेवावयाची तेवढी नावे नव्या यादीत लिहीत जावे. आमच्या मातोश्री हे सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, तांदूळ निवडताना आम्ही निवडलेले परातीत एका बाजूस सारतो. सारेच एकत्र ढवळीत खडे वेचू लागलो तर एखादा दाताखाली यायचाच.” पुतणीने तिसरा उपाय पत्करला.

पंगत उठेपर्यंत कोणी मध्ये उठू नये, हा दंडक आमच्या वडीलधाऱ्यांनी शिष्टाचार म्हणून घातला. तो हिशेबाचाही निघाला. पुतणीने नवी यादी छापली, आणि या वेळी तीतील प्रत्येक नाव मातोश्रींना वाचून दाखविले. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही उदगीरला गेलो. चुलतभावाच्या नावाने नवी पत्रिका व अक्षता दिल्या. जुनी पत्रिका परत मागण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही; ती त्याने काकूंच्या तसबिरीपाशी ठेवली होती.