ज्युरासिक पार्कची जीप, बोरची जिप्सी

1993 च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये टी-रेक्स मागे लागतो आणि साइड मिररमध्ये त्याचा जबडा दिसतो, आठवतंय? ती गाडी म्हणजे जीप रँगलर. 🦖

आपल्या वर्धा जिल्ह्यात तो रुबाब मारुती जिप्सीचा! सेलू तालुक्यातल्या बोरधरण गेटवर सफारीसाठी हीच उघडी गाडी. हे बोर अभयारण्य 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं.

जिप्सी भारतात आली 1985 मध्ये, 970 सीसी इंजिन घेऊन. पुढे ‘जिप्सी किंग’मध्ये 1.3 लिटरचं आलं. शिडीसारखी चासी, चारही चाकांना पाटे. म्हणून हाडं खिळखिळी होतात, पण गाडीला काही होत नाही!

सफारीला बसलात की गिअरशेजारचा दुसरा दांडा बघा. 4H वर चारही चाकांना ताकद मिळते. 4L वर वेग कमी, जोर जास्त. खडा चढ किंवा चिखल असेल तेव्हा कामाचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र टू-व्हीलच बरं, नाहीतर वळताना यंत्रणेवर ताण येतो.

2019 मध्ये सर्वसामान्यांसाठी जिप्सीची विक्री थांबली. 2023 मध्ये मारुतीचीच फोर बाय फोर जिम्नी आली.

तुमची आवडती फिल्मी ‘फोर बाय फोर’ कोणती? कमेंटमध्ये सांगा! 👇