दहा दिवसांची वारी

अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकेका उपासनामंदिराभोवती संघटित झालेल्या स्थानिक ख्रिस्ती समाजांमध्ये, गेल्या साठेक वर्षांत एक प्रथा खोलवर रुजली असून तिला ‘अल्पकालीन मिशन’ असे म्हटले जाते. उन्हाळ्याच्या किंवा वसंत ऋतूतील सुटीत मंडळीतले पंधरा-वीस जण आपल्या पाळकाबरोबर, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूबरोबर, मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास किंवा हैती अशा एखाद्या देशात जातात, आठ-दहा दिवस घरे बांधणे, शाळा रंगवणे, दवाखान्यात हातभार लावणे, मुलांना बायबलमधील कथा शिकवणे अशी कामे करतात आणि परत आल्यावर रविवारच्या उपासनेत ‘साक्ष’ देतात, म्हणजे या प्रवासात देवाने आपल्या अंतःकरणात काय घडवले ते सर्वांसमोर सांगतात. जाणारे बहुतेक विद्यार्थी, शिक्षक, सुतार, परिचारिका किंवा निवृत्त गृहस्थ असतात आणि धर्मप्रचार हा त्यांचा पेशा नसतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ च्या पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार अमेरिकी मंडळ्यांचे सुमारे १६ लाख सभासद एका वर्षात अशा प्रवासासाठी देशाबाहेर जात होते. त्यांच्या साक्षींमध्ये एक कबुली वारंवार येते, ती अशी की द्यायला म्हणून गेलेल्या माणसाच्याच पदरात अधिक पडले. ही कबुली सहसा नम्रतेचा उद्गार म्हणून ऐकली जाते आणि विसरली जाते; प्रत्यक्षात ती या साऱ्या व्यवहाराचे अचूक वर्णन आहे, आणि ती शब्दशः खरी मानली तर अल्पकालीन मिशनचा अर्थच वेगळा दिसू लागतो.

‘मिशन’ या शब्दाचा जुना अर्थ महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले आणि १८२६ मध्ये नाशिकच्या परिसरात पटकीने मरण पावले. सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शिक्षणात आयुष्य वेचून १८६२ मध्ये वारल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले असे सांगितले जाते. मिरजेला १८९४ मध्ये रुग्णालय उभे करणारे डॉ. विल्यम वॉनलेस १९२८ पर्यंत या देशात राहिले. या माणसांच्या धर्मांतराच्या हेतूविषयी मराठी समाजात तीव्र मतभेद झाले आणि ते होणे स्वाभाविकच होते. परंतु त्यांच्या भाषाज्ञानाविषयी आणि चिकाटीविषयी त्यांच्या विरोधकांनाही शंका नव्हती, कारण परतीचे जहाज पकडण्याच्या बेताने कोणी आलेले नव्हते आणि अनेकांच्या कबरी याच मातीत आहेत.

हा आजन्म करार विसाव्या शतकाच्या मध्यावर सैल झाला. जॉर्ज व्हर्वर नावाचा अमेरिकी विद्यार्थी १९५७ च्या उन्हाळ्यात दोन मित्रांसह धार्मिक पुस्तके घेऊन मेक्सिकोला गेला आणि त्यातून पुढे ‘ऑपरेशन मोबिलायझेशन’ ही संस्था वाढली. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था तरुणांना थोड्या काळासाठी परदेशी पाठवण्याच्या उद्देशाने काढली. त्याच सुमारास, १९५८ पासून, जेट विमाने महासागर ओलांडू लागली आणि हॉल यांना महिनोन्‌महिने लागलेला प्रवास काही तासांवर आला. सुटीचा हक्क असलेला सुखवस्तू मध्यमवर्ग, स्वस्त होत गेलेले विमानभाडे आणि शेवटच्या भेटीत येशूने शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची जी आज्ञा दिली ती प्रत्येक विश्वासणाऱ्याला लागू आहे ही प्रॉटेस्टंट धारणा, या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ही प्रथा जन्मली. तिच्यामागे जितकी ईश्वरी प्रेरणा आहे तितकेच विमान कंपन्यांचे वेळापत्रकही आहे, हे मान्य केल्याने त्या प्रेरणेला कमीपणा येत नाही.

प्रवासाची घडण ठरलेली असते. जाणारा नातेवाइकांना आणि मंडळीतील स्नेह्यांना पत्रे लिहून प्रार्थना व पैसा दोन्ही मागतो, त्यामुळे जाणारे वीस असले तरी प्रवासात गुंतलेली माणसे शेकडो असतात. निघण्यापूर्वी काही बैठका होतात, मंडळी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करते, आणि पुष्कळदा एकाच रंगाचे सदरे घालून गट विमानतळावर जमतो. तिकडे सकाळी वचनपाठ, दिवसभर श्रम आणि रात्री वर्तुळात बसून दिवसाचे मनन असा क्रम असतो. भ्रमणध्वनी बंद, दूरदर्शन नाही, भाषा कळत नाही, अंग दुखते आहे, आणि अशा अवस्थेत घरी कधी न केलेली दीर्घ प्रार्थना घडते.

या सेवेचे मोल मोजण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न होंडुरासमध्ये झाला. १९९८ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस ‘मिच’ या चक्रीवादळाने मध्य अमेरिकेत दहा हजारांहून अधिक बळी घेतले आणि सर्वाधिक हानी होंडुरासची केली. डोंगरउतारावरची वस्तीच्या वस्ती चिखलाबरोबर वाहून गेली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांचे गट घरे बांधायला येऊ लागले, आणि त्याच गावांच्या आसपास स्थानिक ख्रिस्ती संस्थाही होंडुरासच्या गवंड्यांकडून घरे बांधून घेत होत्या. होंडुरासमध्येच राहणारे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी या दोन प्रकारच्या घरांची तुलना करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थानिक संस्थेला एक घर सुमारे २,००० डॉलरांत पडत होते, तर पाहुण्या गटाचा प्रवासखर्च धरता त्यांच्या एका घरामागे सुमारे ३०,००० डॉलर लागत होते. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे उभी राहिली असती. घर कोणी बांधले यावरून त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या समाधानात किंवा श्रद्धेत फरक पडल्याचेही आढळले नाही.

व्हर बीक यांनी तपासलेली दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. परतलेल्या प्रवाशांपैकी अनेकांनी आपली प्रार्थना आणि दानवृत्ती वाढल्याचे सांगितले, मात्र पाठवणाऱ्या संस्थेच्या जमाखर्चात देणग्यांची वाढ जवळजवळ दिसली नाही. हे लोक खोटे बोलत नव्हते. त्यांना बदल खरोखर जाणवला होता, पण जाणवलेला बदल आणि टिकलेला बदल यांत अंतर होते. त्यासाठी व्हर बीक यांनी रोपट्याची उपमा वापरली: वाकवून धरलेले कोवळे रोप हात सोडताच पूर्वीसारखे होते, आणि त्याला नवी दिशा द्यायची तर दोन्ही बाजूंनी काठ्यांचा आधार देऊन दीर्घकाळ बांधून ठेवावे लागते. प्रवास रोप वाकवतो. काठीचे काम परतल्यानंतर घरच्या मंडळीने करायचे असते, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी करत नाही.

याहून कठोर बोल फार पूर्वी ऐकवले गेले होते. इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंनी २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे, सुटीत खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या संघटनेसमोरच, त्यांनी ही सेवा थांबवावी असे सांगितले. पाहायला, शिकायला, डोंगर चढायला जरूर या, पण मदत करायला येऊ नका, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता, कारण सद्‌हेतूने आलेला माणूस स्वतःच्या जीवनपद्धतीची जाहिरात करत असतो आणि ज्यांची भाषा त्याला येत नाही ते त्याला नकार देऊ शकत नाहीत, हे त्यांना दिसत होते. इलिच यांचा निर्णय टोकाचा आहे, पण त्यांचे निदान मात्र आजही खोडून काढता आलेले नाही.

मग त्या प्रवासात सापडणाऱ्या श्रद्धेचे काय, हा प्रश्न उरतो, आणि येथे मानववंशशास्त्राची मदत होते. व्हीटन कॉलेजमधील अभ्यासक ब्रायन हॉवेल यांनी २०१२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की हे प्रवासी आपला अनुभव ‘मिशन’च्या भाषेत सांगत असले तरी त्या अनुभवाचा बराचसा आकार यात्रेचा आहे. यात्रेचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांचे. नेहमीचे घर, हुद्दा आणि दिनक्रम सोडून माणूस उंबरठ्यावरच्या अवस्थेत जातो, तेथे सहप्रवाशांशी दर्जाच्या पलीकडचा बंधुभाव अनुभवतो आणि बदलून परततो, असे त्यांनी मांडले. मराठी वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे असे की हे मांडताना टर्नर यांच्यासमोर पंढरीची वारीही होती आणि त्यासाठी त्यांनी इरावती कर्वे यांच्या लेखनाचा आधार घेतला होता. कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख १९६२ मध्ये इंग्रजीतून अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. एकाच वेळी अंगाला थकवणारी, मनाला हलके करणारी आणि अनोळखी माणसाला माउली म्हणायला लावणारी वाट काय करते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना होंडुरासहून परतलेल्या तरुणाचे डोळे का पाणावतात हे समजावून सांगावे लागत नाही. त्याला लाभलेली श्रद्धा खरी असते. वाटेने ती अनेकांना दिली आहे.

परंतु कर्वे यांनी त्या वाटेवर आणखी एक गोष्ट पाहिली होती. एकाच दिंडीत, एकच अभंग गात चालणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगवेगळे बसत, आणि ते त्यांना फार लागले. अल्पकालीन मिशनच्या गटातही बंधुभाव उफाळून येतो, पण तो पुष्कळदा गटापुरताच राहतो: पोट बिघडू नये म्हणून स्वयंपाक वेगळा, पाणी बाटलीतले, मुक्काम वेगळा, आणि रात्रीचे ते वर्तुळ पूर्णपणे इंग्रजी. गावकरी दिवसभर शेजारी उभे राहून सिमेंट कालवतात, आणि मननाच्या वेळी ते त्या वर्तुळात नसतात. वारी आणि हा प्रवास यांत एक मोठा भेदही आहे. वारकरी पंढरपूर सुधारायला निघत नाही. तो भेटीला निघतो, वाटेतल्या गावांची भाकरी घेतो आणि आपण घेणारे आहोत हे त्याला ठाऊक असते. मिशनचा प्रवासी घ्यायला निघतो आणि देण्याचे नाव लावतो, आणि सारा घोटाळा या नावातून सुरू होतो.

घोटाळा नेहमीच निरुपद्रवी राहत नाही. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीमध्ये अमेरिकी मंडळ्यांतून गेलेल्या दहा जणांना ३३ मुले कागदपत्रांवाचून डॉमिनिकन प्रजासत्ताकात नेताना अटक झाली. ही मुले अनाथ असल्याची त्यांची समजूत होती, आणि चौकशीत मुलांचे पालक जिवंत असल्याचे निघाले. त्याआधी २००७ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातील एका मंडळीच्या २३ जणांच्या गटाचे अफगाणिस्तानात तालिबानने अपहरण केले आणि त्यांतील दोघांना ठार मारले. कंबोडियासारख्या देशांत परदेशी पाहुण्यांच्या ओघाबरोबर अनाथालयांची संख्या वाढत गेली, आणि तेथील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. आठवडाभर कडेवर घेऊन मग निघून जाणाऱ्या प्रेमळ माणसांची रांग त्या मुलांच्या वाट्याला आली. येथे हेतूची शुद्धता पुरेशी ठरत नाही, कारण परिणाम भोगणारा पुष्कळदा दुसराच असतो.

खुद्द ख्रिस्ती परंपरेत याहून निराळे चित्र उपलब्ध आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना दोघे-दोघे करून गावोगाव पाठवतो तेव्हा पैशाची पिशवी, झोळी आणि वहाणासुद्धा बरोबर घेऊ नका असे बजावतो, एकाच घरी मुक्काम करायला आणि पुढ्यात येईल ते खायला सांगतो. तेथे पाठवलेला माणूस रिकाम्या हाताचा पाहुणा आहे, आणि सत्ता यजमानाच्या हाती आहे. अल्पकालीन मिशनच्या समर्थनार्थ हा उतारा वारंवार वाचला जातो, पण त्यातील झोळीची अट क्वचितच गांभीर्याने घेतली जाते. ती घेतली तर गवंडीकाम गावच्या गवंड्यावर सोपवून, त्याच्या हाताखाली विटा देण्यापुरतेच आपले काम ठेवावे लागेल; बालेआदा, म्हणजे गव्हाच्या पोळीत वाटलेल्या घेवड्याचे सारण घालून केलेला होंडुरासचा रोजचा पदार्थ, यजमानाच्या घरी बसून खावा लागेल; आणि ज्या बाईने घर गमावूनही उपासना चुकवली नाही तिची साक्ष दुभाष्यामार्फत का होईना, पूर्ण ऐकून घ्यावी लागेल. त्या प्रवाशाला मिळालेली श्रद्धा बहुधा तिच्याचकडून आलेली असते, आणि परतल्यावर सांगितलेल्या साक्षीत तिचे नाव नसते.

या दिशेने काही पावले पडली आहेत. अमेरिकेत २००३ मध्ये अशा प्रवासांसाठी सात निकषांची आचारसंहिता तयार झाली, तीत कामाची आखणी यजमानांसह करणे, आधी प्रशिक्षण देणे आणि परतल्यावर पाठपुरावा करणे यांचा समावेश आहे. काही मंडळ्या दरवर्षी नवा देश निवडण्याऐवजी एकाच गावातील मंडळीशी भगिनीनाते जोडतात, बांधकामाचा पैसा थेट पाठवतात आणि स्वतः थोडेच जण, केवळ भेटीसाठी, जातात. यजमान देशांचे कायदेही विचारात घ्यावे लागतात. भारतात पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही आणि मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे.

नाते जोडायचे म्हटले की परतभेटीचा प्रश्न येतो, आणि तेथे सारी विषमता एका खिडकीपाशी येऊन उभी राहते. होंडुरासच्या विमानतळावर अमेरिकी नागरिकाला अशा भेटीसाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, पासपोर्टवर शिक्का मारला की तो बाहेर पडतो. त्याच्या यजमान पाळकाला मात्र पाहुण्यांच्या अमेरिकेतील मंडळीत एका रविवारी उभे राहून आपली साक्ष द्यायची असेल, तर तेगुसिगाल्पातील अमेरिकी दूतावासाकडे अर्ज आणि शुल्क भरावे लागते, मुलाखतीत आपण परत येणार आहोत हे पटवून द्यावे लागते, आणि तरीही नकार मिळू शकतो. त्याच्या अर्जासोबत निमंत्रणपत्र लिहिणे, शुल्क भरणे आणि नकार आल्यास पुन्हा अर्ज करायला त्याच्या पाठीशी उभे राहणे हे काम दहा दिवसांत होत नाही, त्याचे छायाचित्रही निघत नाही, आणि ते करायला विमानात बसावे लागत नाही.