राजीनाम्यावर सही करण्याआधी थांबा : नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भत्त्याचा दावा कसा करावा?

कंत्राट संपले, ठेकेदार बदलला, "उद्यापासून येऊ नका" असा निरोप आला की आपल्या वस्तीतला तरुण दोन गोष्टी करतो. ओळखीच्या सुपरवायझरला फोन लावतो आणि घरी सांगतो, "बघतो, लागेल कुठेतरी." तिसरी गोष्ट मात्र तो क्वचितच करतो. ज्या विम्यासाठी दर महिन्याला त्याच्या पगारातून पैसे कापले गेले, त्या विम्याच्या कार्यालयात जाऊन नोकरी गेल्याचा भत्ता मागणे त्याच्या मनातही येत नाही. असा भत्ता असतो हेच अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते त्यांना वाटते, तो आपल्यासाठी नसेल.

आम्ही काही सामाजिक कार्यकर्ते रविवारी विहारात बसून अशा तरुणांचे कागद बघतो. त्या अनुभवातून जे शिकलो, ते इथे मांडत आहोत.

आधी एक घटना

एका खाजगी रुग्णालयात हाऊसकीपिंगचे काम करणारे तीन तरुण आमच्याकडे आले. तिघेही तीन वर्षांहून अधिक काळ कंत्राटावर होते. ठेकेदार बदलला तेव्हा जुन्या ठेकेदाराच्या माणसाने "शेवटचा पगार हवा असेल तर इथे सही करा" म्हणून इंग्रजीत छापलेला एक कागद पुढे केला. तिघांनीही न वाचता सही केली. दावा करायला गेल्यावर खिडकीवर त्यांना सांगण्यात आले, "तुम्ही तर स्वतःहून राजीनामा दिलाय."

तिघांपैकी एकाच्या मोबाइलमध्ये सुपरवायझरचा व्हॉट्सॲप संदेश शिल्लक होता : "जुन्या स्टाफने एक तारखेपासून यायचे नाही." त्याच्या छायाप्रतीसह आम्ही लेखी अर्ज दिला, चार खेपा घातल्या आणि त्याच्या खात्यात पैसे जमा झाले. उरलेल्या दोघांनी संदेश पुसून टाकले होते. दुसऱ्या खेपेनंतर त्यांनी नाद सोडला.

तिघांचे काम एकच होते, तिघांना काढलेही एकाच दिवशी. फरक फक्त पुराव्याचा होता. आमच्या मते सगळ्या प्रक्रियेचे सार यातच आहे : दाव्याचा निकाल खिडकीवर लागण्याआधी कामाच्या ठिकाणी, कागदावर लागलेला असतो.

हा भत्ता नेमका काय आहे?

कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे आपण ज्याला ईएसआयसी म्हणतो, त्याची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम मिळत असे. २०२० मध्ये टाळेबंदीने लाखोंचे रोजगार गेल्यावर ती ५० टक्के करण्यात आली. आधी बेरोजगारीचे ९० दिवस उलटल्यावर दावा करता येत असे, ती मुदत ३० दिवसांवर आली. मालकामार्फतच दावा पाठवण्याची अट गेली आणि कामगाराला थेट शाखा कार्यालयाकडे दावा करता येऊ लागला. शपथपत्राची अटही त्याच वर्षी काढण्यात आली. योजना कायमची नाही, तिला वेळोवेळी मुदतवाढ दिली जाते. म्हणून ती आज चालू आहे का, हा शाखेत विचारायचा पहिला प्रश्न.

हिशेब समजून घेऊ. समजा दोन वर्षे तुमचा पगार महिन्याला १५,००० रुपये होता. दोन वर्षांची कमाई ३,६०,००० रुपये. तिला ७३० दिवसांनी भागले की रोजची सरासरी साधारण ४९३ रुपये येते. तिचा निम्मा भाग, म्हणजे सुमारे २४६ रुपये रोज, जास्तीत जास्त ९० दिवस. एकूण साधारण २२,००० रुपये. आयुष्यात मिळून ९० दिवसच हा लाभ मिळतो. तो सुरू असेपर्यंत विम्याच्या दवाखान्यातील उपचारही चालू राहतात.

ही रक्कम मोठी नाही. पण खोलीभाडे आणि किराणा यात दोन-तीन महिने निघू शकतात. सावकाराकडे जाण्याची किंवा मिळेल त्या पगारावर कुठेही लागण्याची घाई टळू शकते.

पात्रता : चार गोष्टी तपासा

पहिली, तुम्ही ईएसआयमध्ये आहात का? महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना हा विमा लागू होतो. पगाराच्या ०.७५ टक्के कामगाराकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून घेतले जातात. पगारपत्रकावर ही कपात दिसली पाहिजे.

दुसरी, नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली हवी.

तिसरी अट सर्वांना गोंधळात टाकते. ईएसआयचे वर्ष दोन अंशदान काळांत विभागलेले असते : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या काळात किमान ७८ दिवसांचे अंशदान भरलेले हवे. त्याशिवाय दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एका काळातही किमान ७८ दिवसांचे हवे. तुम्ही किती दिवस राबलात याला इथे महत्त्व नाही, ठेकेदाराने किती दिवस दाखवले याला आहे. २६ दिवस काम करून घेऊन १२ दिवस दाखवणारे ठेकेदार आम्ही पाहिले आहेत.

चौथी, नोकरी कशी गेली? गैरवर्तनाची शिक्षा, सेवानिवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यामुळे नोकरी गेली असेल तर हा भत्ता मिळत नाही. संप किंवा टाळेबंदीचा काळही यात धरला जात नाही. राजीनाम्याचा कागद इथेच आडवा येतो. त्यावर तुमची सही असली की नोकरी 'गेली' हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येऊन पडते.

कारखाना बंद पडला किंवा कायद्यानुसार कामगार कपात झाली, तर 'राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना' ही वेगळी योजना आहे. ती १ एप्रिल २००५ पासून लागू झाली. तिचा काळ मोठा आहे : पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. कामाबाहेरच्या अपघातामुळे ४० टक्के किंवा त्याहून अधिक कायमचे अपंगत्व येऊन नोकरी गेली, तरी ती लागू होते. आपण कोणत्या योजनेत बसतो हे आधी ठरवा आणि मगच अर्ज भरा.

नोकरी चालू असतानाच करायच्या गोष्टी

विमा क्रमांक आजच लिहून ठेवा. तो आयुष्यभर एकच असतो. नवा ठेकेदार घाईत नवा क्रमांक काढतो आणि तुमची पाच वर्षांची नोकरी दोन तुकड्यांत विभागली जाते. तसे झाले असेल तर दोन्ही क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज शाखेत द्या.

दर तीन महिन्यांनी ईएसआयसीच्या संकेतस्थळावर किंवा 'उमंग' ॲपवर आपले अंशदान उघडून बघा. आधार आणि बँक खाते जोडलेले आहे का, नावाचे स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे का, हेही बघा. एका जागी 'कांबळे' आणि दुसऱ्या जागी वेगळ्या अक्षरांत लिहिलेले 'कांबळे' एवढ्यावरून दावे रखडतात.

ओळखपत्र, हजेरीचे फोटो, पगार जमा झाल्याच्या नोंदी, सुपरवायझरचे संदेश जपून ठेवा. "येऊ नका" हा निरोप फोनवर आला तर लगेच संदेश टाका : "साहेब, तुम्ही आज मला कामावर न येण्यास सांगितले, त्याचे लेखी पत्र मिळावे." उत्तर आले नाही तरी तारखेसह तुमच्या बाजूचा पुरावा तयार होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे : न समजणाऱ्या कागदावर सही करू नका. केलेल्या कामाचा पगार हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही. फारच दडपण आले तर कागदाचा फोटो घ्या आणि "मला कामावरून कमी करण्यात आले आहे" एवढे मराठीत लिहून मगच सही करा.

दावा आणि खिडकीवरचे प्रश्न

बेरोजगारीचे ३० दिवस झाल्यावर ईएसआयसीच्या संकेतस्थळावर आपल्या लॉगिनमधून दावा भरा. त्याची छापील प्रत सही करून, आधार आणि बँक पासबुकाच्या प्रतींसह आपल्या शाखा कार्यालयात द्या. पुढच्या दिवसांचा भत्ता आगाऊ मागता येत नाही, होऊन गेलेल्या दिवसांचाच मागता येतो. कागद दिला की पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही तिथे गेला होता हेच सिद्ध होत नाही.

आपल्याकडे यासाठी परदेशांसारखी औपचारिक मुलाखत नसते, पण खिडकीवर विचारपूस होते. तीच आपली मुलाखत समजा. प्रश्न साधारण ठरलेले असतात.

"शेवटचा दिवस कोणता?" तारीख नेमकी सांगा. मालकाने भरलेल्या नोंदीशी ती जुळते का हे आधी बघून जा. मालकाने तुम्हाला सेवेतून कमी झालेले दाखवलेच नसेल, तर नोंदीत तुम्ही आजही कामावर असता आणि दावा अडतो.

"काम का सोडलं?" हा प्रश्न अशाच शब्दांत येतो आणि आपली मुले "घरचा प्रॉब्लेम होता" असे बोलून जातात. खरे कारण सांगा : "सोडलं नाही, कंत्राट संपल्यामुळे कमी केलं." मालक मासिक अंशदान भरताना शून्य दिवसांचे कारण निवडतो. त्यात 'सेवा सोडली', 'कामगार कपात', 'काम नाही' असे वेगवेगळे पर्याय असतात. तुमच्यापुढे कोणते कारण नोंदवले आहे हे नम्रपणे विचारा. चुकीचे असेल तर लेखी हरकत द्या.

"सध्या कुठे काम करता?" इथे खोटे बोलू नका. भत्त्याच्या काळात नवी नोकरी लागली तर त्या दिवसापर्यंतचाच भत्ता मिळतो. खोटी माहिती दिल्याने पुढच्या कामगाराच्या खऱ्या दाव्याकडेही संशयाने बघितले जाते.

उत्तर "नाही" आले तर ते लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध कुठेच दाद मागता येत नाही. लेखी नकार घेऊन शाखा व्यवस्थापक, मग विभागीय किंवा उपविभागीय कार्यालय असे वर जाता येते. ठरावीक दिवशी भरणाऱ्या 'सुविधा समागम' या तक्रार निवारण बैठकीतही प्रकरण मांडता येते. फाईल कुठे अडली हे माहिती अधिकारात विचारता येते.

लाज कशाची?

समाजशास्त्रात याला प्रशासकीय ओझे म्हणतात. योजना असते, पण तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी माहिती शोधण्याचे ओझे, कागद जमवण्याचे ओझे आणि मनावरचे ओझे माणसाला उचलावे लागते. पहिली दोन ओझी सर्वांना असतात. तिसरे आपल्या तरुणांवर जास्त असते. "फुकटचं खातात" हे टोमणे ऐकत वाढलेला मुलगा खिडकीपुढे उभा राहतो तेव्हा हक्क मागतानाही त्याची मान खाली जाते.

त्याला एवढेच सांगायचे आहे की हे पैसे त्याच्या कामावर भरलेल्या हप्त्यांचे आहेत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्याच पायावर उभा राहिला. बेकारीच्या प्रसंगी सरकारी साहाय्याचा हक्क संविधानाच्या कलम ४१ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिलेला आहे. ज्या खिडकीपुढे आपण संकोचतो, ती उभारण्यात आपल्याच बापाचा हात आहे.

विहारात एक टेबल

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर, विहारात एक टेबल टाका. इंटरनेट असलेला एक मोबाइल, एक वही आणि पोर्टल हाताळता येणारे दोन कॉलेजचे विद्यार्थी एवढे पुरे. येणाऱ्या प्रत्येकाचा विमा क्रमांक, अंशदानाचे दिवस आणि आधार-बँक जोडणी तपासा. ज्याची नोकरी गेली आहे त्याच्यासोबत पहिल्या खेपेला कोणीतरी जा. दोन माणसे खिडकीपुढे उभी असली की आवाज वेगळा निघतो, हे आम्ही पाहिले आहे.

त्या दोन तरुणांपैकी एक आता दुसऱ्या ठिकाणी कामाला लागला आहे. मागच्या रविवारी तो टेबलाशी आला आणि नवा विमा क्रमांक दाखवून म्हणाला, "सर, हा जुना आहे तोच आहे का, बघा जरा." तपासले, क्रमांक दुसराच निघाला. यावेळी अर्ज वेळेत जाईल.

जय भीम!