कॉर्डलेस फोनमधली खरखर कशी आवरावी?

युरोपात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेक्ट’ मानकावर चालणारा कॉर्डलेस फोन आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतो. नमुना जसाच्या तसा पाठवला जात नाही. आधीच्या नमुन्यांवरून बांधलेला अंदाज आणि प्रत्यक्ष मूल्य यांतला फरक तेवढा ४ बिटांत जातो. १० मिलिसेकंदांच्या एका चौकटीत असे ८० नमुने, म्हणजे ३२० बिट मावतात. दोषाचे मूळ या काटकसरीतच आहे. भिंतींवरून परतलेल्या रेडिओ लहरींमुळे काही बिट बिघडले, की त्यांच्यावर बेतलेले पुढचे अंदाजही काही काळ चुकतात आणि कानात कर्कश खरखर उमटते.

मग बिघडलेली चौकट पुन्हा का मागवू नये? कारण संभाषणात उशीर खपत नाही. दुरुस्तीसाठी जादा बिट जोडावेत, तर तेवढी जागा आवाजाच्या वाट्यातून जाते. प्रक्षेपणाची शक्ती वाढवली, तर परावर्तित लहरीही तितक्याच बळावतात. म्हणून मला ऐकणाऱ्या बाजूचा उपाय अधिक सयुक्तिक वाटतो. तपासणीच्या बिटांवरून बिघाड ओळखायचा, आधीच्या निकोप आवाजाची लहर पुन्हा वाजवायची आणि बिघाड लांबला तर ती हळूहळू मंद करायची. हा आवाज बनावट आहे, हा आक्षेप खरा आहे. पण स्वर १० मिलिसेकंदांत फारसा बदलत नाही, त्यामुळे एखाददुसरी चौकट अशी भरली तरी अर्थ शाबूत राहतो. नुसती शांतता मात्र शब्दच तोडते.