यंत्राचे बळ आणि यंत्राचा संयम

गेल्या वैशाखात नागपुरातील नंदनवन भागात आमच्या घरच्या कूलरचा पंखा भर दुपारी एकाएकी थांबला. पॅडमधील गवताचा गुंता पात्यात अडकला होता. कोणाच्या ध्यानी येईपर्यंत मोटर नुसती घुमत राहिली, तापली आणि अखेरीस जळाली. वाइंडिंग नव्याने भरून देणारा मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, मोटर फिरून जळत नाही, अडून जळते." यंत्रमानवाच्या विद्येचे मर्म या एका वाक्यात कसे आले आहे, ते वाचकांस सांगावे असा या लेखाचा हेतू आहे.

फिरती मोटर आपल्यातील विद्युत्प्रवाहास स्वतःच काही विरोध करीत असते. ती अडली की तो विरोध नाहीसा होतो आणि ती नेहमीहून अधिक वीज ओढू लागते. आपल्या आड गवत आले आहे की कोणाचे बोट, हे तिला कळत नाही. तिच्या ठायी बळ आहे, विवेक नाही.

असे विवेकहीन बळ नागपूरकरांस नवे नाही. जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या एंजिनाचे बळ दांडे व पट्टे यांच्या द्वारे शेकडो साच्यांस पोचविले जाई. पट्ट्यात कोणाचा हात सापडला तरी एंजिनास त्याची वार्ता नसे. याच गिरणीत १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी निघाला आणि १८९५ पासून अपघातात सापडलेल्या कामगारांस भरपाई मिळू लागली. ही गोष्ट मालकांस भूषणावह होती यात संशय नाही. परंतु भरपाई झाली तरी ती हात गेल्यानंतरची.

पुढे विजेची मोटर आली व दर साच्यास आपापली मोटर मिळाली. यंत्रमानवात याच्याही पुढची पायरी गाठली आहे, ती ही की, दर सांध्यास एक मोटर. मात्र प्रारंभी तसे नव्हते. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात रुजू झालेला युनिमेट हा सुमारे दोन टनांचा यांत्रिक बाहू तेलाच्या दाबाने हाले आणि धातूचे तप्त ओतीव भाग उचलीत असे. १९७४ साली स्वीडनमधील आसेआ कंपनीने सर्वस्वी विजेवर चालणारा बाहू बाजारात आणला, आणि तेव्हापासून या क्षेत्रात मोटरीचे राज्य वाढत गेले.

मोटर स्वभावतः वेगाने फिरते, पण तिचा रेटा थोडा. म्हणून सांध्यात दंतचक्रे योजून तिच्या सुमारे शंभर फेऱ्यांची एक फेरी करतात. वेग घटतो आणि जवळजवळ त्याच प्रमाणात रेटा वाढतो. शेजारी खुणांची एक चकती असते. सांधा किती अंशांनी वळला हे ती क्षणोक्षणी कळविते. आता मिस्त्रीचे वाक्य आठवावे. मोटर अडली की वीज अधिक ओढते. तेव्हा ओढलेली वीज सतत मोजीत राहिले तर मोटर कशास तरी अडली हे तत्काळ कळेल, व ती जळण्याच्या किंवा कोणास चिरडण्याच्या आत थांबविता येईल. कूलरचा जो दोष, तोच येथे स्पर्शज्ञान होऊन बसला आहे!

डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबॉट्स कंपनीचे बाहू याच तत्त्वावर चालतात. त्यांतील यूआर५ या बाहूचे वजन १८.४ किलो, सांधे सहा, उचलण्याची शक्ती ५ किलो. आणि सामान्य कामात त्यास वीज लागते ती सुमारे १५० वॅट, म्हणजे छताच्या दोन पंख्यांइतकी. पुण्याजवळ चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात या कंपनीचे बाहू २०१० पासून माणसांच्या शेजारी काम करीत आले आहेत. अशा बाहूने माणसास किती दाबावे, याच्या मर्यादाही २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने प्रसिद्ध केल्या. हात व बोटे यांस १४० न्यूटन, म्हणजे सुमारे १४ किलो वजनाचा भार. चेहऱ्यास त्याच्या निम्म्याहूनही कमी.

हा बाहू भिंतीतून वीज घेतो. जो यंत्रमानव हिंडतो, त्यास मात्र आपली शिदोरी बरोबर न्यावी लागते किंवा वाटेत मिळवावी लागते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ बरोबर चंद्रावर पोचलेली प्रज्ञान गाडी २६ किलोंची होती. सूर्यप्रकाशापासून तिला मिळणारी शक्ती अवघी ५० वॅट. सहा चाकांस सहा स्वतंत्र मोटरी आणि गती सेकंदास सुमारे एक सेंटिमीटर. तरी तेवढ्यावर तिने शंभर मीटरांची वाट चालून दाखविली. बळाच्या तुटीची भरपाई तिने धिमेपणाने केली.

'यंत्र' हा शब्द 'यम्' म्हणजे आवरणे या धातूपासून झाला आहे. 'संयम' हाही त्याच धातूचा, आणि घोडे आवरून धरणारा सारथी तो 'यंता'. बळास आवर घालते ते यंत्र, हा अर्थ आमच्या भाषेने पूर्वीच सांगून ठेवला आहे.

तरी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. बोटास स्पर्श होताच थांबणारा बाहू त्या बोटांचे काम स्वतःकडे घेताना थांबत नाही. त्याचा विचार विजेच्या मापात येत नाही. एम्प्रेस मिल आज उरली नाही. तिच्या जागी बाजार उभा आहे. परंतु तेथील मालकाने कामगाराच्या म्हातारपणाची व जखमेची तरतूद स्वतः होऊन केली होती, कायद्याची वाट पाहिली नव्हती. आज ज्यांच्या कारखान्यांत असे बाहू येत आहेत, त्यांनी बाहूबरोबरच त्या जागेवरील माणसास नवे काम शिकविण्याचा खर्च हिशेबात धरावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मोटर अडली की थांबते, एवढी सोय आता झाली. माणूस अडला असता थांबून त्याच्याकडे पाहणे, हे काम यंत्याचे आहे.