शस्त्रक्रियेपूर्वीचा हिशेब

स्थूलपणा म्हणजे आळसाचे फळ, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. त्यामुळे वजन उतरविण्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, हा प्रश्न विचारावयासही पुष्कळांना संकोच वाटतो. वस्तुतः हा प्रश्न लाजेचा नव्हे, हिशेबाचा आहे.

किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की या हिशेबाचे पहिले माप मिळते. १९९१ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी ४०, किंवा जोडीला गंभीर व्याधी असल्यास ३५, ही मर्यादा ठरविली होती. २०२२ साली शल्यतज्ज्ञांच्या संघटनांनी ती सरसकट ३५ वर आणली, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ वर, कारण आपल्याला कमी वजनातही मधुमेह गाठतो.

परंतु नुसत्या आकड्यावरून निर्णय होत नाही. एका प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग कायमचा काढून टाकतात. पुष्कळांचा मधुमेह त्याने आटोक्यात येतो, हे खरे. मात्र क्वचित रक्तस्राव होतो, शिवण गळते. पुढे जन्मभर आहार बेताचा, आणि लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व नित्य घ्यावे लागते. त्यात हयगय झाल्यास रक्तक्षय जडतो.

म्हणून श्रोतेहो, किती किलो उतरतील, एवढेच शल्यतज्ज्ञाला विचारून थांबू नये. आपल्या व्याधी कोणत्या, आहाराने व औषधांनी आजवर काय साधले, हे त्याच्यापुढे मांडावे. आणि आग्रहाने वाढणाऱ्या घरच्या माणसांनाही आधीच विश्वासात घ्यावे. कारण हे पथ्य त्यांच्या साथीवाचून निभत नाही.